बिरागोने खरं सांगितलं

बिरागोने कुमासीच्या सुआमेत, गाड्या दुरुस्तीच्या वस्तीत, हत्यारांचं दुकान टाकलं ते पोटासाठी, असंच सगळ्यांना वाटलं. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, काहीतरी करायलाच हवं होतं. कुणी म्हणालं कापड विक, कुणी म्हणालं मक्याचे केंके रांधून विक. तिने पत्र्याखाली एक लांब फळी टाकली, वर निळी ताडपत्री अंथरली आणि परदेशातून कंटेनर भरून येणारी जुनी हत्यारं मांडली. पाने, बोल्टवर बसणाऱ्या गोट्या, पक्कडी, कटकट करत एकाच बाजूला धरणारी रॅचेटं. आमच्या गल्लीत बाया बेअरिंग विकतात, ऑइल विकतात, जेवण विकतात. हत्यारं विकणारी ती पहिलीच.

जागा मात्र तिने अशी घेतली होती की फळीमागे बसलं की समोर आदोमाकोची शेड दिसावी.

आदोमाको म्हणजे तिचा नवरा. मिनीबसचे क्लच आणि गिअरबॉक्स करणारा फिटर. कुमासीतले निम्मे ट्रोट्रोवाले, म्हणजे प्रवासी मिनीबस चालवणारे, त्याच्याकडे यायचे. ताची त्याचा धाकटा भाऊ, एकाच आईचा. त्याला काम आदोमाकोने शिकवलं आणि लग्न होईपर्यंत जेवायला बिरागोने घातलं. लग्नानंतरही दुपारचं जेवण वहिनीकडेच असायचं.

मग आदोमाकोचं पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, फार उशिरा आणलंत. तो गेला. चाळिसाव्या दिवशी सगळं घराणं लाल-काळी वस्त्रं नेसून जमलं होतं. घराण्याचा प्रमुख वाटणीचं बोलायला लागला तेव्हा ताची उभा राहिला आणि म्हणाला, "शेडचं नंतर बघू. आधी हे विचारा, की माझा भाऊ कुणाच्या हातचं खात होता."

एवढंच बोलला तो. याहून जास्त बोलायची गरजच नव्हती. बायका बिरागोपासून सरकून बसल्या. त्या दिवशी तिने रांधलेल्या मोठ्या पातेल्याला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी ते तिने एकटीने गटारात ओतलं. शेड, हत्यारांची पेटी, घरातला फ्रीजसुद्धा भावाकडे गेला. आमच्यात वारसा आईकडून चालतो, भावाचं भावाला जातं; मुली तर बिरागोच्या घराण्याच्या, त्यांचा तिथे काय संबंध.

शेजारच्या फळीवर फ्रेमा बसायची, बेअरिंगवाली; दुपारी दोघी बिरागोच्याच डब्यातलं जेवायच्या. ती बिरागोला म्हणाली, "कोर्टात जा. कायदा तुझ्या बाजूने आहे. शेड मिळेल तुला."

"शेड मिळेल," बिरागो म्हणाली. "पण तो जे बोलला ते कोर्ट त्याच्या तोंडात परत कसं घालणार?"

हत्यारांचं तिला कळायचं, कारण आदोमाको ती रोज घरी आणायचा. ती रॉकेलमध्ये बुडवून एकेक पुसून द्यायची आणि तो पायरीवर बसून बोलत राहायचा. दिवसभर गाड्यांखाली गप्प राहिलेल्या माणसाला संध्याकाळी बोलायला कुणीतरी लागतं. रॅचेट कसं बघायचं, हे त्याने तिला कितीदा सांगितलं असेल. नावावर जाऊ नको, नाव कुणीही ठोकतं. कानाशी धरून फिरव. दात बारीक असतील तर आवाज तांदूळ सांडल्यासारखा येतो, जाड असतील तर दाणे मोजता येतात. मान वळणारं असेल तर मान वाकवून दांडा आडवा धर. मान आपोआप खाली पडली तर घेऊ नको. ठेवली तशी राहिली तर पुढचं बघ. आणि सरळ धरून कधी पारखू नको. सरळ धरल्यावर सगळीच चांगली असतात.

ताचीने भावाची बरीचशी हत्यारं वर्षभरात विकून टाकली. पण एक ठेवलं होतं, आदोमाकोचं लांब दांड्याचं, मान वळणारं रॅचेट. ते त्याला विकणं शक्यच नव्हतं. मिनीबसचं इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथे अगदी वर, मागच्या बाजूला, दोन बोल्ट आहेत. हात जातो, पण पाना फिरवायला जागा नाही. साधं रॅचेट बसतच नाही. दांडा लांब हवा, दात बारीक हवेत आणि मान हवी तशी वाकायला हवी. ते दोन बोल्ट निघाले नाहीत तर गिअरबॉक्स उतरत नाही, आणि गिअरबॉक्स उतरला नाही तर ताचीचा धंदा नाही.

बिरागो फळीमागे बसून हे बघत होती. तो दांड्यावर लोखंडी पाइप घालून जोर लावतो, हेही ती बघत होती. आदोमाको असता तर त्याने त्याचे कान उपटले असते. मान जिथे वळते तिथली खीळ काही पाइपसाठी केलेली नसते. आज ना उद्या ती तुटणार, हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त त्या दिवशी तयार असायचं होतं.

म्हणून गल्लीत कंटेनर उघडला की पहिली बिरागो हजर. मान वळणारं रॅचेट दिसलं की उचललंच. चांगली असतील ती बिरागो टेचिमान, ओबुआसीसारख्या बाहेरगावच्या फिटरांना पाठवून द्यायची. सुआमेत एकही ठेवायची नाही. बाकीच्या हत्यारवाल्यांना तिने सांगून ठेवलं होतं, "ताची आला तर माझ्याकडे पाठवा."

"आणि तुझं नाव ऐकून तो नाही आला तर?" एकाने विचारलं.

"येईल. जाणार कुठे?"

आपल्या फळीखालच्या खोक्यात तिने दोनच ठेवली होती. त्यातलं एक असं देखणं होतं की त्यात तोंड बघून घ्यावं. जाड क्रोम, लांब दांडा, त्यावर मोठ्या कंपनीचं नाव, मान घट्ट. मात्र कुणीतरी त्याचं पोट उघडून आत दातांत अडकणारी खिटी दुसऱ्याच रॅचेटची बसवली होती. सरळ ओढलं की पक्कं धरायचं. मान वाकवून जोर लावला की तीन-चारदा धरायचं आणि मग एकदम सुटायचं. हे तिला शिकंज्यात बोल्ट आवळून, पुन्हा पुन्हा ओढून कळलं होतं. दुसरं अगदीच ओंगळ होतं. क्रोम उडालेलं, नाव घासून गेलेलं, दांड्याला स्कूटरच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. पण त्याचा आवाज तांदूळ सांडल्यासारखा होता आणि मान ठेवाल तिथे राहायची.

दीड वर्ष गेलं. मग एका गुरुवारी समोरच्या शेडमधून लोखंड तुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताचीच्या शिव्या. बिरागोने मान वर केली आणि परत खाली घातली.

तो आधी सगळी गल्ली फिरला. मग पलीकडची. शेडमध्ये अडकलेली बस होती हाजिया रमातूची. सात मिनीबसची मालकीण, साठीची, सोन्याचा दात असलेली, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. शनिवारी मामपोंगला कुणाच्या तरी अंत्यविधीला माणसं न्यायची म्हणून तिने ती बस आधीच भाड्याने ठरवून दिली होती. ताचीच्या मागे ती स्वतःच फिरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बिरागोच्या फळीसमोर उभी राहिली. हाजियाने फ्रेमाचं स्टूल ओढून घेतलं आणि बसली.

"वहिनी, बरी आहेस ना," ताची म्हणाला.

"बरी आहे, भावजी. काय हवंय?"

"मान वळणारं. लांब दांड्याचं."

"आदोमाकोचं होतं ना, त्याचं काय झालं?"

"ते माझं होतं. तुटलं."

"पाइप घातलास."

"वहिनी, आहे का नाही तेवढं सांग. बाईंना घाई आहे."

"मला घाई आहेच," हाजिया म्हणाली. "पण ही काय म्हणते ते ऐक जरा. पाइप घातला होतास का?"

 बिरागोने खोक्यातून दोन्ही काढली आणि ताडपत्रीवर शेजारी शेजारी ठेवली. चकचकीत रॅचेटवर तिने आपला हात तसाच ठेवला.

"दोघांची किंमत एकच आहे," ती म्हणाली. "हे काळं घे. दिसायला गबाळं आहे, पण तुझं काम करेल. हे दुसरं घेऊ नकोस. सरळ धरतं, पण वाकवलं की आतली खिटी सुटते. मी स्वतः ओढून बघितलंय."

फ्रेमाने नंतर आम्हाला सांगितलं, की त्या वेळी बिरागोचा आवाज अगदी साधा होता. गिऱ्हाइकाशी रोज बोलते तसाच.

ताची हसला. "खराब आहे तर विकायला कशाला ठेवलंय?"

"सरळ कामाला चालतं. ज्याला तेवढंच हवंय तो नेईल."

"आणि मला तू चांगलं देणार. मला."

"मी सांगितलं. पुढे तुझी मर्जी."

"हाजिया, तुम्हाला ठाऊक नाही," तो वळून म्हणाला. "ही बाई माझ्या भल्याचं बोलेल का? हिच्या हातचं खाऊन माझा भाऊ मेला. ही जे देते ते घ्यायचं नाही, हे मी तेव्हाच शिकलोय."

गल्लीतले हातोडे चालूच होते, पण आसपासच्या चार फळ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. बिरागोने त्याच्याकडे बघितलं. मग चकचकीत रॅचेटवरचा आपला हात तिने उचलला आणि मांडीवर ठेवला.

ताचीने ते घेतलं. कानाशी धरून फिरवलं, रॅचेटची मान हलवून बघितली, घट्ट आहे म्हणून मान डोलावली. फळीच्या कडेला शिकंजा होता, त्यातल्या बोल्टवर लावून त्याने जोरात ओढलं. धरलं. अजून एकदा ओढलं. धरलं.

"मान वाकवून ओढ," बिरागो म्हणाली.

"तू दुकान चालव. फिटरकी मला शिकवू नको."

"ताची," हाजिया म्हणाली, "ती दोनदा म्हणाली तुला."

"म्हणूनच तर घेतोय," तो म्हणाला, आणि गेला.

पुढचं आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. पहिला बोल्ट सुटला. शेडमधून तो मोठ्याने काहीतरी म्हणाला, वहिनीला ऐकू जावं म्हणून असेल. दुसरा बोल्ट गंजून बसला होता. त्याने मान वाकवली, खांदा आत घातला आणि सगळं अंग टाकून ओढलं. रॅचेट सुटलं तेव्हा त्याचा उजवा हात त्या सगळ्या जोरानिशी पत्र्याच्या धारेवर गेला. ओरडणं ऐकून माणसं धावली. फ्रेमाही धावली. बिरागो उठली नाही. एक गिऱ्हाईक दहाची गोटी बघत होतं; तिने त्याला दुसऱ्या मापाची दाखवली.

थोड्या वेळाने हाजिया परत आली. तिच्या झग्याच्या बाहीला रक्त लागलं होतं.

"ते काळं आहे का अजून?"

"आहे."

"दे. पलीकडच्या फिटरला बोलावलंय मी. तुझ्या दिराची बोटं गेली बहुतेक."

"कुठली?"

हाजियाने तिच्याकडे जरा थांबून बघितलं. "करंगळी आणि तिच्या शेजारचं. तुटली नाहीत, पण आतून कापली गेलीत. वळणार नाहीत म्हणतात."

बिरागोने रबर गुंडाळलेलं रॅचेट कागदात बांधून दिलं. बस शनिवारी मामपोंगला वेळेवर पोहोचली.

पंधरवड्यात ताचीच्या घराण्याने फिटरांच्या संघटनेकडे तक्रार नेली. बाईने सूड म्हणून खराब हत्यार विकलं, असं म्हणणं होतं. संघटनेचा प्रमुख ओपानिन बाडू, म्हातारा वेल्डर, एका डोळ्याने कमी दिसणारा. संघटनेच्या पत्र्याखाली बाकं मांडली गेली. ताचीच्या बाजूने घराण्याचा प्रमुख आणि दहा-बारा माणसं आली, तीच जी चाळिसाव्याला होती. बिरागोच्या बाजूने तिचा एक मामा आणि फ्रेमा. ताचीचा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

हाजियाने जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. फ्रेमानेही सांगितलं.

बाडूने ताचीला विचारलं, "तिने घेऊ नको म्हटलं होतं?"

"हो."

"दोनदा?"

"हो."

"मग का घेतलंस?"

"मला वाटलं ती उलटं सांगतेय."

मागे कुणीतरी हसलं. बाडूने तिकडे बघितलं आणि मग बिरागोकडे. "तुला काही म्हणायचंय?"

बिरागो उभी राहिली. तिने पदरासारखं खांद्यावरून घेतलेलं कापड नीट केलं.

"मला रॅचेटबद्दल काही म्हणायचं नाही. मला याला एक विचारायचंय, सगळ्यांसमोर."

"विचार."

"भावजी, तुझा भाऊ आजारी होता तेव्हा दुपारचं तू कुठे जेवत होतास?"

ताचीने घराण्याच्या प्रमुखाकडे बघितलं.

"तिने विचारलंय," बाडू म्हणाला.

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"तिच्या."

"शेवटपर्यंत?" बिरागोने विचारलं.

"शेवटपर्यंत."

"त्याचं आणि तुझं वेगळं रांधत होते मी?"

ताचीने पट्टीतल्या हाताकडे बघितलं.  "नाही."

"एकाच पातेल्यातलं?"

"एकाच," तो म्हणाला. "एकाच ताटलीतलं खायचो आम्ही. दोघं."

घराण्याच्या प्रमुखाने डोळे मिटून घेतले. त्याच्या मागे बसलेल्या बायकांमधली एक, ताचीची मावशी, हळूच म्हणाली, "हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"  उत्तर सगळ्यांना समजलं होतं. शेड समोरच दिसत होती.

तक्रार तिथेच संपली. आता उलट घराण्यालाच बिरागोची समजूत काढायची होती. प्रमुख उठला, आदराने आपलं वस्त्र खांद्यावरून खाली घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, आणि म्हणाला की दारूची बाटली आणू, मेंढी आणू, घरातलं जे नेलं ते परत करू, शेडचंही बोलू.

"शेड नको मला," बिरागो म्हणाली. "मेंढीही नको."

"मग काय हवंय, आई?"

"मी रांधून आणीन. याने ते सगळ्या घराण्यासमोर खायचं."

रविवारी ताचीच्या अंगणात तीच माणसं जमली. बिरागो डोक्यावर पातेलं घेऊन आली. सकाळपासून तिने आणि मुलींनी उकडलेल्या कंदांचं फुफू कुटलं होतं, ताडफळांचा रस्सा केला होता, आत सुकी मासळी आणि बकऱ्याचं मटण. फ्रेमा बरोबर होती, बोळकं तिच्या हातात होतं.

ताची खुर्चीत बसला होता. समोर पातेलं ठेवलं गेलं तेव्हा सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं, की त्याचा उजवा हात पट्टीत आहे. डाव्या हाताने तर कुणी खात नाही, मोठ्यांसमोर तर नाहीच. त्याची बायको पुढे झाली.

"तू बस," बिरागो म्हणाली. तिने हात धुतले, त्याच्या शेजारी बाकावर बसली, फुफूचा लहान गोळा तोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

ताचीने तोंड उघडलं. गिळलं. रस्सा हनुवटीवर ओघळला तो तिने अंगठ्याने पुसला. दुसरा घास दिला. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मनगटाकडे बघत होता. मधेच त्याने मान बाजूला केली.

"पुरे, वहिनी."

"अजून आहे."

"पोट भरलं."

"तुझा भाऊ असं म्हणायचा नाही कधी," ती म्हणाली. "खा."

त्याने खाल्लं. तिने मटणाचा तुकडा बोटांनी मोडून दिला, तोही खाल्ला. त्याचे डोळे भरून आले होते. दुखत होतं म्हणून की कशामुळे, कोण सांगणार.  पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा ती थांबली, हात धुतले आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"आता तुम्हीही खा," ती बायकांना म्हणाली. फ्रेमाकडच्या बोळक्यात अजून रस्सा होता. ताचीची मावशी सगळ्यात आधी पुढे आली.

परत येताना वाटेत फ्रेमाने रिकामं बोळकं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तू खरं सांगितलंस, तर तो उलटंच घेणार, हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि हात जाईल हे?"

"नेमकं काय जाईल ते ठाऊक नव्हतं."

"काही बोलला नसता तो, तेव्हा फळीशी, भावाबद्दल, तर तू ते चकचकीत दिलं असतंस?"

बिरागो चालत राहिली. कोपऱ्यावर टायरवाल्याचं दुकान आलं तेव्हा म्हणाली, "मला नाही सांगता येत. तो बोलला."

ताचीची बोटं वळली नाहीत. शेड घराण्याने एका रंगकाम करणाऱ्याला भाड्याने दिली. हाजियाच्या बसेस पलीकडच्या फिटरकडे जायला लागल्या, आणि सामान घ्यायला ती बिरागोकडे यायची. टाफो भागातूनही फिटर यायचे, फळीसमोर उभे राहून विचारायचे, "ताई, तूच निवडून दे." ती निवडून द्यायची आणि ते आंधळेपणाने न्यायचे. पट्टी सुटेपर्यंत रोज दुपारी ती झाकण लावलेलं पातेलं घेऊन ताचीच्या घरी जायची. तो नको म्हणायचा आणि खायचा.

फ्रेमा मात्र त्या रविवारनंतर दुपारी आपला वेगळा डबा आणायला लागली. आधी म्हणाली, पोट ठीक नाही. मग म्हणाली, घरी उरतं, वाया जातं. पुढे काही कारण सांगायचं तिने सोडलं. दोघींच्या फळ्यांमधे हातभर अंतर आहे. दुपारी दोघी आपापलं उघडतात आणि रस्त्याकडे तोंड करून जेवतात.